टेनिस एल्बोमुळे हाताचा अंदाज जातो का? (कोल्हापूर, लेथकाम)

नमस्कार मंडळी,

मी शिवाजी उद्यमनगरात टर्नर आहे. टेनिसची रॅकेट जन्मात हातात धरली नाही, पण उजव्या कोपराला टेनिस एल्बो झालाय. दुखण्याचं काय, सोसतोय. चकची (लेथवर जॉब, म्हणजे कातायचा तुकडा, पकडणाऱ्या जबड्याची) चावी आवळताना, भरलेला तांब्या उचलताना कोपराच्या बाहेरच्या हाडाशी कळ येते. माझी अडचण वेगळीच आहे. हाताला अंदाजच राहिलेला नाही.

आमच्या कामात निम्मं माप हाताला कळतं. आउटसाइड कॅलिपर, म्हणजे बाहेरचं माप घ्यायचा दोन पायांचा चिमटा, जॉबवरून किती घासत उतरतो, त्यावर अजून कट घ्यायचा की थांबायचं ते ठरतं. आता तोच कॅलिपर एकदा सैल वाटतो, एकदा घट्ट, आणि मायक्रोमीटर लावला की भलतंच निघतं. मायक्रोमीटरला रॅचेट (ठराविक दाबाला आपोआप घसरणारी मूठ) असतं म्हणून बरं, तिथं हाताचं काही चालत नाही. न बघता हँडव्हील धरायला गेलो की हात बोटभर अलीकडंच थांबतो. घरी डोळे मिटून दोन्ही कोपर सारखे वाकवून बघितले, तर बायको म्हणाली, "अहो, उजवा किती खाली हाय बघा की!"

मुंग्या नाहीत, बधिरपणा नाही. डॉक्टर म्हणतात नस ठीक आहे, दुखणं थांबलं की अंदाज येईल, इंजेक्शन घ्या. पुढं विचारायला सवड नव्हती, बाहेर ही गर्दी. कुणाला असं झालंय का? आणि गेलेला अंदाज परत येतो का? बोअरिंगची (भोक आतून मापात कातायची) बारीक कामं माझ्याकडंच असतात, शेठला अजून बोललो नाही.

प्रतिसाद:
दादा, मी फिजिओ आहे. हा तुमच्या मनाचा खेळ नाही. मनगट वर उचलणाऱ्या स्नायूची कंडरा कोपराच्या त्या हाडाला चिकटते, तीच इथं बिघडते. सांधा कुठं आहे, जोर किती लागतोय, ही खबर मेंदूला स्नायू-कंडरांतूनच जाते. टेनिस एल्बोच्या रुग्णांत कोपराची स्थिती ओळखताना जास्त चूक होते, असं अभ्यासांत दिसलंय. हात हलायलाही उशीर लागतो, आणि तो न दुखणाऱ्या हातातसुद्धा. म्हणजे गडबड नुसती कोपरात नाही, मेंदूच्या हिशोबातही आहे. पकडताना मनगटही नकळत खाली झुकतं. कॅलिपर धरताना तुमचं बघा.

इंजेक्शन स्टेरॉइडचं आहे का, ते विचारा. पहिले काही आठवडे छान वाटतं, पण ऑस्ट्रेलियातल्या २००६ आणि २०१३ च्या चाचण्यांत वर्षभरानं इंजेक्शनवाल्यांची स्थिती उलट मागं होती. त्यापेक्षा कोपर वाकवून, तळवा खाली ठेवून, दुसऱ्या हातानं पंजाच्या पाठीवर दाब द्या आणि मनगट न हलवता धरून ठेवा. सोसेल तसा जोर वाढवा. डोळे मिटून कोन जुळवायचा सरावही करा. त्याचा पुरावा तोकडा आहे, पण तोटा काही नाही. बहुतेकांचं वर्षभरात, ऑपरेशनशिवाय, बरं होतं. मुंग्या किंवा बोटांत कमजोरी आली तर मात्र मान आणि नस परत तपासून घ्या.

प्रतिसाद:
भावा, शेठला सांगून टाक. तोवर भोकाचं माप बोअर गेजवर घे, हातावर नको. जॉब रिजेक्ट झाल्यावर सांगण्यापेक्षा आधी सांगितलेलं बरं.

धागाकर्ता:
आभार मंडळी. शेठला उद्याच बोलतो. चकच्या चावीच्या दांड्याला सायकलची ट्यूब गुंडाळून मूठ जाड केली तर चालेल काय?

फिजिओ:
चालेल, पकडीला जोर कमी लागेल. वजन उचलताना मात्र तळवा वरच्या बाजूला ठेवा. आणि चावीला पाइप लावून आवळू नका, ते कोपरालाही नको आणि चकलाही.