'सोडत' की 'ईश्वरचिठ्ठी'?

प्रश्न : अथेन्सच्या लोकशाहीवरचा एक लेख मराठीत आणतोय. तिथल्या ५०० जणांच्या मंडळात दहा जमातींमधून प्रत्येकी ५० जण यायचे, तेही मतं मोजून नव्हे तर नावं काढून. याला 'सोडत' म्हणावं, 'चिठ्ठ्या टाकणं' की 'ईश्वरचिठ्ठी'?

उत्तर : ईश्वरचिठ्ठी नको. तो शब्द आपण समसमान मतं पडल्यावर वापरतो. २०१७ मध्ये मुंबई महापालिकेच्या २२० क्रमांकाच्या प्रभागाचा निकाल असाच लागला होता. आपल्याकडे मतदानाने पेच सुटेना की चिठ्ठी येते. अथेन्समध्ये चिठ्ठी हाच रिवाज होता, मतदान ठरावीक पदांपुरतं.

उत्तर : एका ठिकाणी मात्र ईश्वरचिठ्ठीच हवी. 'लॉज' या उतारवयातल्या संवादात प्लेटो म्हणतो की लोकांची नाराजी टाळायला थोडी सोडत ठेवावीच लागते, पण तेव्हा देवाची आणि सुदैवाची प्रार्थना करावी, म्हणजे कौल न्यायाच्या बाजूने पडेल. कौल लावण्याचीच भाषा ही! बाकी त्याचा या प्रकारावर फारसा विश्वास नव्हता. त्याचा गुरू सॉक्रेटिस याचाही नव्हता. सॉक्रेटिसचाच दुसरा शिष्य झेनोफन याने नोंदवलंय की सॉक्रेटिसवरच्या आरोपांत हेही एक होतं : जहाजाचा सुकाणूवाला किंवा बासरीवाला कुणी बिया टाकून, म्हणजे सोडतीने, निवडत नाही, मग राज्यकर्ते का निवडता, असं तो विचारायचा.

उत्तर : सॉक्रेटिसचा प्रश्न बिनतोड वाटतो खरा, पण अथेन्सवाल्यांनी त्याचं उत्तर आधीच देऊन ठेवलं होतं. जिथे कसब लागतं तिथे ते मतदानच घेत. दहा सेनापती दरवर्षी मतांनी निवडले जात आणि तोच माणूस पुन्हा पुन्हा येऊ शके. पेरिक्लीस असाच वर्षानुवर्षं टिकला. मंडळावर मात्र आयुष्यात दोनदाच जाता येई, शिवाय नाव निघालं तरी पद घेण्याआधी चौकशी व्हायची. (बायका, गुलाम आणि परके यांची नावं मुळात सोडतीत पडतच नव्हती, हे लेखात गाळू नका.)

ॲरिस्टॉटल तर सरळच सांगतो : अधिकारी सोडतीने नेमणं हे लोकशाहीचं लक्षण, मतदानाने निवडणं हे मूठभरांच्या सत्तेचं. निवडणुकीत नाव, घराणं, पैसा असलेलाच पुढे येतो, हे त्याला सांगायला आपली तिकीटवाटपं बघावी लागली नाहीत. म्हणून माझं मत 'सोडत'. म्हाडाच्या घरांमुळे आणि सरपंचपदाच्या आरक्षणामुळे शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे, आणि त्यात देव नाही, सगळ्यांना सारखी संधी एवढंच आहे.

उत्तर : 'चिठ्ठ्या टाकणं' अगदीच टाकून देऊ नका. 'क्लेरोस' या ग्रीक शब्दाचा अर्थच चिठ्ठीही आणि वाट्याला आलेली जमीनही. भावाभावांच्या वाटणीत आपणही चिठ्ठ्याच टाकतो.

प्रश्नकर्ता : ठरलं. मंडळासाठी 'सोडत', प्लेटोच्या उताऱ्यात 'ईश्वरचिठ्ठी', सेनापतींसाठी 'निवडणूक'. लेखाच्या शेवटी आयर्लंडची नागरिक सभा येते : ९९ सामान्य नागरिक, यादृच्छिक पद्धतीने घेतलेले, त्यांच्या शिफारशींनंतर २०१८ मध्ये गर्भपाताच्या प्रश्नावर सार्वमत झालं. तिथे लोकसंख्येचं वय-लिंग-प्रदेशाचं प्रमाण सांभाळलं होतं, त्यामुळे नुसतं 'सोडत' अपुरं पडतंय. 'प्रातिनिधिक सोडत' चालेल का?

उत्तर : चालेल. 'यादृच्छिक' तेवढं काढा, वाचक तिथेच अडखळेल.