जनुक 'व्यक्त' होतो म्हणजे नेमकं काय होतं? शब्द हवा आहे

रंकाळाकाठ :
एका शब्दापाशी अडलोय. आनुवंशिक अटॅक्सिया असलेल्या घरांसाठी एक माहितीपत्रक मराठीत करून देतोय. अटॅक्सिया म्हणजे तोल आणि हालचालींचा मेळ हळूहळू सुटत जातो ते दुखणं. पत्रक आहे त्यातल्या फ्रीड्रिख प्रकाराबद्दल. घरातल्यांचं रक्त आणि त्वचेचा मसुराएवढा तुकडा घेऊन त्यात 'जीन एक्स्प्रेशन' तपासणार, एवढंच सांगायचं आहे. मी 'जनुकीय अभिव्यक्ती' लिहिलं.

मागच्या रविवारी कागलजवळ एका घरात मसुदा वाचून दाखवला. पोरगा १९ वर्षांचा, खाटेची कड धरून बसलेला. पाण्याचा तांब्या दोन्ही हातांनी उचलतो, तरी निम्मं अंगावर सांडतं. वडिलांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "अभिव्यक्ती म्हंजे बोलायचं तेच न्हवं? मग ह्याचं बोलणं सुधारंल काय?" या दुखण्यात जीभ जड होतेच, त्याचीही झाली आहे. त्यांनी चुकीचं काही ऐकलं नव्हतं. माझ्या शब्दानं त्यांना आशा लावली आणि मलाच ती तिथल्या तिथं मोडावी लागली. आता तो शब्द लिहायला हात धजत नाही. दुसरा आहे का?

शब्दसाधक :
दुसरा कशाला? 'अभिव्यक्ती'तला धातू अञ्ज्. अंजन, व्यंजन, व्यक्त हे सगळे त्याच घरातले. अंजन घातलं की दिसू लागतं. आत होतं ते बाहेर दिसू लागणं ही अभिव्यक्ती. जनुकाबद्दल याहून नेमकं काय म्हणणार? वर्तमानपत्रांनी त्याला 'स्वातंत्र्या'शी जखडून टाकलं, हा शब्दाचा दोष नव्हे. 'संगणक'ही एके काळी कानाला टोचत होता. वापरला म्हणून रुळला.

पेठेतला :
रुळेपर्यंत त्या पोराच्या बापानं काय करायचं? डॉक्टर तोंडानं 'जीन'च म्हणतात, रिपोर्टवर 'जीन'च असतं. तेच लिहा आणि खाली दोन ओळींत उलगडून सांगा. 'जीन' इंग्रजांची मिरासही नाही, योहान्सन या डॅनिश शास्त्रज्ञानं १९०९ साली तो काढला. आपल्या कोल्हापूरनं दोन्ही बाजू पाहिल्यात. कवी माधव ज्यूलियन इथंच राजाराम कॉलेजात शिकवायचे. फारसी-मराठी कोशही त्यांनीच केला आणि पुढं भाषाशुद्धीचा कैवारही त्यांनीच घेतला.

प्रयोगशाळेतून :
मी याच कामात आहे, म्हणून आधी गोष्ट काय आहे ते सांगते, मग शब्द शोधू.

आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत डीएनए तोच असतो. यकृताच्या पेशीत तोच, लहान मेंदूच्या पेशीत तोच. फरक पडतो तो कुठल्या जनुकावरून कुठं किती काम काढून घेतलं जातं याचा. प्रथिनांची कृती सांगणारी सुमारे २०,००० जनुकं आहेत आणि सगळी सगळीकडं एकाच वेळी कामाला लागत नाहीत. जनुकावरून आधी आरएनए बनतो, त्यावरून प्रथिन. हे किती प्रमाणात होतंय, ते एक्स्प्रेशन.

फ्रीड्रिखमध्ये हीच गोष्ट मुळाशी आहे. जनुक सापडला १९९६ साली. त्यात जीएए ही डीएनएची तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. निरोगी माणसात साधारण ३३ पेक्षा कमी वेळा, रुग्णात शेकड्यांनी, कधी हजारावर. पण ती येतात अशा जागी, की प्रथिनाच्या कृतीला त्यांचा धक्का लागत नाही. बहुतेक रुग्णांत फ्रॅटॅक्सिन हे प्रथिन जे काही बनतं ते अगदी बरोबर बनतं. फक्त फार थोडं बनतं, कारण वाढलेल्या अक्षरांपायी तो भाग घट्ट मिटतो आणि वाचला जात नाही. फ्रॅटॅक्सिन लागतं तंतुकणिकांना, म्हणजे पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या भागांना. ते कमी पडलं की मणक्यालगतच्या संवेदी चेतापेशी, लहान मेंदूचा काही भाग आणि हृदय यांना आधी झळ बसते.

म्हणून शब्दात 'किती' यायला हवं. 'अभिव्यक्ती'त ते येत नाही. मी एकदा 'आविष्कार' वापरला होता. आपल्याला कलाविष्कार माहीत, पण हिंदीत आविष्कार म्हणजे शोध. माझ्या हिंदीभाषक सहकाऱ्यानं 'जनुकाचा आविष्कार' वाचलं आणि आम्ही नवा जनुक शोधला म्हणून अभिनंदन केलं.

जुनं दप्तर :
मी २८ वर्षं तलाठी होतो. वरचं वाचलं आणि राहवलं नाही.

जमिनीच्या नोंदींची मूळ वही दप्तरात असते, ती कुणाला घरी देत नाहीत. ज्याला ज्या गटाचं लागेल त्याला तेवढा उतारा काढून द्यायचा. ताई सांगतात त्यावरून पेशीतही तेच चाललंय. डीएनए जागचा हलत नाही, हव्या तेवढ्या भागाचा आरएनए उतरवून बाहेर जातो. मग तो 'उतारा'च की. कुठल्या पानाचे किती उतारे निघाले ते मोजायचं, हेच तुमचं एक्स्प्रेशन.

२००५ च्या पुरानंतर एका गावच्या भिजलेल्या वह्या माझ्या हाताखालून गेल्या. पानं चिकटून वीट झाली होती. उन्हात धरायची नाहीत, शाई उडते. सावलीत वाळवायची आणि बांबूची तासलेली कामटी हळूच सरकवत एकेक पान सोडवायचं. आतली अक्षरं शाबूत होती. पण पान सुटेपर्यंत त्या गटाचा उतारा कुणाला देता येत नव्हता. तुमचं फ्रीड्रिख मला असं दिसलं : नोंद बरोबर, पान चिकटलेलं.

गुऱ्हाळघर :
काका, लाख बोललात. आणि 'किती' पण यात आहे. कारखान्यावर विचारतातच, उतारा किती? एक टन उसाला १२० किलो साखर निघाली की उतारा १२ टक्के. एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, त्याच्यावरच ठरते. कोल्हापूरच्या कुठल्याही शेतकऱ्याला 'जनुकाचा उतारा कमी पडतोय' म्हणून सांगा, दुसऱ्यांदा सांगावं लागणार नाही.

प्रयोगशाळेतून :
वाचून अंगावर काटा आला. हा शब्द दोन आजारांतला फरकही दाखवतो. हंटिंग्टन या मेंदूच्या आनुवंशिक आजारात सीएजी ही अक्षरं वाढतात ती थेट प्रथिनाच्या कृतीतच. ४० किंवा त्याहून जास्त झाली की पूर्ण आयुष्य मिळालेल्या माणसाला आजार होतोच. हा जनुक १९९३ साली सापडला. म्हणजे तिथं नोंदच बिघडलेली आणि प्रत्येक उताऱ्यात ती चूक जाते. त्यामुळं हंटिंग्टनवर उतारे कमी करणारी औषधं शोधतायत, फ्रीड्रिखवर वाढवणारी. फिलिपाइन्सच्या पनाय बेटावरच्या काही घराण्यांत आणखी वेगळा प्रकार आहे : टीएएफ१ या जनुकात बाहेरचा एक तुकडा घुसून बसलाय आणि त्याचा उतारा घटलाय. अंगाला पीळ पडतो, पुढं कंपवातासारखी लक्षणं येतात.

शब्दसाधक :
उपमा म्हणून उत्तम. पारिभाषिक शब्द म्हणून मान्य नाही. उतारा म्हणजे नक्कल, उतारा म्हणजे उत्पन्न, परीक्षेत 'खालील उतारा वाचा', घाटाचा उतार वेगळाच. शास्त्रातल्या शब्दाला एकच अर्थ असावा.

पेठेतला :
मग 'एक्स्प्रेशन'ला तरी इंग्रजीत एकच अर्थ आहे का? चेहऱ्यावर असतं ते काय? लॅटिनमध्ये तर दाबून बाहेर काढणं हा मूळ अर्थ. म्हणजे घाण्यातून रस काढावा तसं. गुऱ्हाळघरनं चरकच आणून ठेवला की मधे!

आजऱ्याची लेक :
मला बोलायचं आहे. माझ्या भावाला अटॅक्सिया आहे. निदान व्हायच्या आधीची चार वर्षं आमच्या घरात उताराच चालला होता. अमावास्येला दहीभात, लिंबू, अंडं त्याच्यावरून ओवाळायचं, तिकटीवर नेऊन ठेवायचं आणि मागं न बघता यायचं. आई अनवाणी जायची. मी कंदील धरायची. 'उतारा' म्हटलं की मला तो भाताचा थंड वास येतो. विषावर देतात तोही उताराच. पत्रकात 'जनुकाचा उतारा तपासणार' असं आईनं वाचलं, तर तिला वाटेल शास्त्रज्ञांना उतारा सापडला. 'अभिव्यक्ती'नं त्या काकांना लावली तीच आशा, याहून मोठी.

जुनं दप्तर :
पोरी, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. आमच्या घरीही टाकलेत उतारे.

गुऱ्हाळघर :
मग 'उताऱ्याचं प्रमाण' म्हणायचं. प्रमाण म्हटल्यावर कुणी तिकटीवर जाणार नाही.

जुनं दप्तर :
आणखी एक सुचवून बघतो. म्यूटेशनला तुम्ही 'उत्परिवर्तन' लिहिता. महसूल खात्यात इंग्रजीतलं म्यूटेशन म्हणजे फेरफार. गाव नमुना ६, फेरफार नोंदवही. जमिनीच्या नोंदीतला बदल तो फेरफार, तर जनुकाच्या नोंदीतला का नको?

आजऱ्याची लेक :
नको. फेरफार कुणीतरी करतो. आमच्याकडं आधीच विचारून झालंय, हे कुणाच्या घराण्यातनं आलं म्हणून. उत्तर न शोधता बोट आईकडं गेलं.

प्रयोगशाळेतून :
फ्रीड्रिखपुरतं हे पत्रकात ठळक हवं : दोष आई आणि वडील दोघांकडून यावा लागतो, तरच मुलाला आजार होतो. एकाच बाजूनं आला तर तो माणूस नुसता वाहक. फ्रॅटॅक्सिन साधारण निम्मं बनतं, तरी त्याला काही त्रास नसतो.

दूधकट्टा :
पत्रकात 'चेतापेशींची झीज' लिहिलंय का हो? शाळेत आपण सगळे घोकलोय, प्रथिनं शरीराची झीज भरून काढतात.

रंकाळाकाठ :
लिहिलं होतं, आणि नेमकं तेच झालं. एक प्रथिन कमी पडतंय आणि झीज होतेय, एवढं ऐकून त्या माउलीनं मला फळीवरचा अंड्यांचा ट्रे दाखवला. "मी रोज चार घालतो की त्याला. कट्ट्यावरचं धारेचं दूध पण आणतो." फ्रॅटॅक्सिन पेशीच्या आतच बनावं लागतं, खाऊन मिळत नाही, हे सांगताना माझा घसा कोरडा पडला. आता 'पेशी हळूहळू निकामी होतात' असं लिहिलंय.

शब्दसाधक :
'ऱ्हास' लिहा. 'निकामी' संस्कृत नाही म्हणून म्हणत नाही. निकामी यंत्र होतं, माणसाच्या बाबतीत तो शब्द जिव्हारी लागतो.

पेठेतला :
ऱ्हास संस्कृतीचा होतो, पुस्तकात. किडनी निकामी झाली असं सगळेच म्हणतात. कुणी दुखावत नाही.

शब्दसाधक :
किडनीबद्दल म्हणतात. पोराबद्दल म्हणून बघा.

रंकाळाकाठ :
दोघांचंही पटतंय. पण मूळ प्रश्न तसाच आहे. रक्तात आणि त्वचेत का बघतात, हेही एका वाक्यात बसवायचं आहे.

प्रयोगशाळेतून :
जिवंत माणसाच्या मेंदूतला तुकडा असा मागता येत नाही, म्हणून. रक्तातल्या पेशी मेंदूची सगळी हकीकत सांगत नाहीत, पण थोडी सांगतात. त्वचेच्या पेशींना परत मूळ पेशींच्या अवस्थेत नेऊन त्यांच्यापासून चेतापेशी घडवता येतात. जपानी शास्त्रज्ञ यामानाका यांनी पेशी अशा मागं नेणं २००६ साली उंदराच्या पेशींवर आणि २००७ साली माणसाच्या पेशींवर दाखवलं. मग त्या चेतापेशींत जनुक किती... बघा, इथं क्रियापद लागलं आणि मीच अडले. 'किती वाचला जातो' लिहू का?

आजऱ्याची लेक :
'वाचला जातो' आईला कळेल. पण मला दुसराच शब्द हवा आहे. भावाच्या चालीला काय म्हणायचं? गावात 'पिऊन चालल्यागत' म्हणतात. एसटीतून एकदा त्याला उतरवलं, दारू पिलास म्हणून. त्यानं आयुष्यात थेंब घेतलेला नाही. पत्रकात पहिलं लक्षण म्हणून जे लिहाल, त्यात तो वास नको.

दूधकट्टा :
झोकांडी? भेलकांडणं? लटपटणं?

पेठेतला :
पहिले दोन दारूचेच. लटपटणं भीतीनं पण होतं.

गुऱ्हाळघर :
आमच्याकडं बांधावरून डोक्यावर भारा घेऊन चालताना माणूस कलतो, त्याला झोक जाणं म्हणतात. पाटाचं पाणी सुटलेलं, बांध निसरडा, पाय नीट पडत नाही. झोक कुणाचाही जातो.

आजऱ्याची लेक :
हा चालेल. त्याचा झोक जातो. हे मी त्याला वाचून दाखवू शकते.

रंकाळाकाठ :
घेतला. पहिल्याच ओळीत. गुरुवारी मसुदा द्यायचा आहे, एक्स्प्रेशनची जागा मोकळी सोडून ठेवलीय.

शब्दसाधक :
'झोक'बद्दल एक सांगतो, आणि हे मनापासून. 'झोकात चालणे' म्हणजे ऐटीत चालणे. तेव्हा नुसतं 'झोक' लिहू नका. 'चालताना झोक जातो' असं पूर्ण लिहा.