भुवयांमधल्या आठ्या: बोटॉक्स, डिस्पोर्ट की काहीच नको?

रानजाई (सहकारनगर):
औंध-बाणेरकडे हल्ली सुरकुत्यांच्या इंजेक्शनचा भाव युनिटवर सांगतात, आणि माझ्या ऑफिसातल्या बायका तेवढा एकच आकडा धरून तुलना करतात. बोटॉक्स महाग, डिस्पोर्ट स्वस्त, चला डिस्पोर्ट. हे मला फार खटकतं, कारण या दोन औषधांची युनिटं वेगवेगळी आहेत. दोन भुवयांमधल्या आठ्यांसाठी बोटॉक्सची नेहमीची मात्रा २० युनिट, डिस्पोर्टची ५०. समजा एकाचा भाव युनिटला ३५० रुपये आणि दुसऱ्याचा १५०. पहिल्याचे झाले ७,०००, दुसऱ्याचे ७,५००. मग स्वस्त कुठलं? विचारायचंच तर ‘या भागाचे सगळे मिळून किती’ असं विचारा.

ब्रँडवर डोकं शिणवण्यात मला अर्थ वाटत नाही. दोन्हींत बोट्युलिनम टॉक्सिन टाइप ए आहे. मज्जातंतूतून स्नायूकडे जाणारं ॲसिटिलकोलिन, म्हणजे स्नायूला आकसायचा निरोप देणारं रसायन, दोन्ही अडवतात, आणि दोन्हींचा परिणाम साधारण तीन-चार महिने टिकतो. बघायची ती कुपी. मी जिथे जाते तिथल्या डॉक्टर ती माझ्यासमोर फ्रीजमधून काढतात. तळाशी वाळलेल्या औषधाचा पांढरा पुसट थर असतो, निरखून पाहिल्याशिवाय दिसतही नाही. सलाइनची सुई बुचातून आत गेली की आतल्या निर्वातामुळे सलाइन आपोआप ओढलं जातं. ओढलं गेलं नाही तर ती कुपी वापरायची नाही, असं बोटॉक्सच्या माहितीपत्रकातच म्हटलंय. जिथे आधीच भरलेली सिरिंज घेऊन समोर येतात, तिथून मी उठून येईन.

टेकडीवेडा:
कुठलं घ्यावं याची चर्चा जोरात आहे, पण घ्यावंच का हे कुणी विचारत नाही. लग्नसराई जवळ आली की पंचविशीतल्या मुलींना ‘आत्तापासून घेतलं तर सुरकुत्या पडणारच नाहीत’ असं सांगून खुर्चीत बसवतात, याची मला चीड येते. परिणाम तीन-चार महिन्यांचा, म्हणजे वर्षाला तीनदा खर्च, आणि तो जन्मभर. दुचाकीवर डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फमध्ये गुंडाळणाऱ्या आपल्या पुण्याच्या मुलींना बाहेरचे लोक हसतात, पण सुरकुत्यांवरचा खरा उपाय त्याच करताहेत. ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बूर गावचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. रोज न चुकता सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेवर साडेचार वर्षांत वयाच्या खुणा मोजता येतील इतक्या वाढल्याच नाहीत. सनस्क्रीनची बाटली कितीला येते, तुम्हीच हिशेब करा.

औंधची:
@टेकडीवेडा, सनस्क्रीन मी वर्षानुवर्षं लावते. त्याने नवीन सुरकुत्या लांबतात, पण कपाळावर बसलेल्या आठ्या जात नाहीत. मीटिंगमध्ये मला दर वेळी ‘चिडलीयेस का’ असं विचारलं जायचं आणि मी चिडलेली नसायचे. हा त्रास ज्याला होत नाही त्याने तो क्षुल्लक ठरवू नये.

आणि @रानजाई, ब्रँडने फरक पडत नाही हे मला साफ अमान्य. मी दोन्ही घेतलेत. डिस्पोर्टचा परिणाम मला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच जाणवतो, बोटॉक्सला जास्त वाट पाहावी लागली. माझं कपाळ रुंद आहे, तिथे डिस्पोर्ट एकसारखं पसरतं आणि मधे-मधे सुटलेल्या जागा राहत नाहीत. घरात कार्य असेल आणि हातात आठवडाच असेल, तर हा फरक लहान नाही.

त्वचेची डॉक्टर:
मी कर्वे रस्त्याच्या परिसरात त्वचारोगतज्ज्ञ म्हणून काम करते, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते.

@औंधची, अनुभव तुमचा आहे, तो मी नाकारत नाही. पण औषध किती पसरेल हे ब्रँडइतकंच मात्रेवर आणि ते किती पातळ केलंय यावर ठरतं. जे पसरणं कपाळावर सोयीचं वाटतं तेच भुवईच्या खाली गेलं की पापणी पडते. शिवाय पूर्ण परिणाम बघायला दोन आठवडे लागतात, तेव्हा कार्याच्या आठवडाभर आधी पहिल्यांदाच इंजेक्शन घेऊ नका. एखादी भुवई वर राहिली तर ती नीट करायला वेळच उरत नाही. आणखी एक, डिस्पोर्टमध्ये गाईच्या दुधातलं प्रथिन असू शकतं. त्या प्रथिनाची ॲलर्जी असेल तर ते अजिबात नको. म्हणजे ब्रँड अगदीच बिनमहत्त्वाचा नाही, @रानजाई.

पण खरी निवड या दोघांमध्ये नसतेच. आरशासमोर चेहरा सैल सोडा. भुवया उंचावल्यावर किंवा हसल्यावर उमटणारी आणि नंतर मिटणारी रेघ स्नायूची असते, तिथे टॉक्सिन चालतं. चेहरा शांत असतानाही दिसणारी, विशेषतः नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत उतरणारी घडी टॉक्सिनने भरत नाही. तिच्यासाठी हायलुरॉनिक ॲसिडचं फिलर, म्हणजे त्वचेखाली भरायचं जेल असतं, आणि ती फार वेगळी गोष्ट आहे. फिलर चुकून रक्तवाहिनीत गेलं तर त्वचा मरू शकते, क्वचित दृष्टीही जाते. म्हणून हायलुरॉनिडेज हे ते विरघळवणारं इंजेक्शन क्लिनिकमध्ये तयार आहे का, हे आधी विचारा. या प्रश्नावर जो डॉक्टर चिडेल त्याच्याकडे फिलर करून घेऊ नका.

गर्भवती, अंगावर पाजणाऱ्या आणि मायस्थेनिया ग्रॅव्हिस (स्नायू दुबळे करणारा आजार) असलेल्या बायकांना मी टॉक्सिन देत नाही.

पेठेतली:
पापणी पडण्याबद्दल वाचलं म्हणून लिहिते. क्लिनिकचं नाव घेणार नाही. डॉक्टरांनी चेहऱ्यावर खुणा केल्या आणि सुई मात्र मदतनीस मुलीने टोचली. काही दिवसांनी डावा डोळा अर्धा मिटलेला. फोन केला तर ‘आपोआप जाईल’. गेलं, पण कित्येक आठवड्यांनी, आणि तोवर मी काळा चष्मा लावून बँकेत कामाला जात होते. ब्रँड चांगलाच होता, बिलावर लिहिलेला. म्हणून कुपीवरच्या होलोग्रामपेक्षा सुई कुणाच्या हातात आहे ते आधी बघा असं मी कळवळून सांगेन. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक विचारायला संकोच कसला? आमच्याकडे एका सोसायटीत हळदीकुंकवाला जमतात तशा बायका जमवून घरीच इंजेक्शनं देतात, तिथे तर जाऊच नका.

टेकडीवेडा:
@पेठेतली, तुम्हाला झालेला त्रास वाचून वाईट वाटलं. पण मी हेच म्हणतोय ना! अमेरिकेत २०२४ मध्ये बनावट किंवा चुकीच्या हातांनी दिलेल्या इंजेक्शनांमुळे अनेक राज्यांत माणसं आजारी पडली, काहींना रुग्णालयात ठेवावं लागलं. तिथे ही गत, मग आपल्याकडे सोसायटीच्या दिवाणखान्यात काय होत असेल? हौसेपायी एवढा धोका का पत्करायचा?

औंधची:
हौस? याच बोटॉक्सला अमेरिकेत आधी मान्यता मिळाली ती तिरळेपणासाठी, १९८९ साली. सुरकुत्यांसाठी २००२ मध्ये. जुनाट मायग्रेनसाठीही ते देतात. औषध तेच आणि धोका हाताचा, मग बंदी अडाणी हातांवर आणा की. माझ्या कपाळाचं काय करायचं ते मी ठरवेन.

बाकी @रानजाई, कुपी प्रत्येकीसमोर नवी फोडावी हा आग्रह मला पटत नाही. १०० युनिटच्या कुपीतली माझ्या भुवयांना २० लागतात. उरलेल्या ८० चे पैसे मी का भरू?

रानजाई (सहकारनगर):
तुमच्या एकटीसाठी फोडा असं मी म्हणत नाही. आमच्या डॉक्टर एकाच दिवशी तिघी-चौघींना बोलावतात, कुपी सगळ्यांसमोर एकदाच फुटते आणि पैसे वाटले जातात. पण कधी फोडली, कशात किती पातळ केली, हे दाखवायचंच नाही, हे मला चालणार नाही.

त्वचेची डॉक्टर:
माहितीपत्रकाप्रमाणे विरघळवलेलं बोटॉक्स २ ते ८ अंशांत ठेवून २४ तासांत संपवायचं असतं. बरेच डॉक्टर त्याहून जास्त दिवस वापरतात आणि परिणाम घटत नाही असं त्यांचं म्हणणं आहे. मी वापरत नाही. तुमचे डॉक्टर वापरत असतील तर कुपीवर पेनाने तारीख आणि सलाइनचं प्रमाण लिहिलेलं असायला हवं. १०० युनिटमध्ये अडीच मिली घातलं तर ०.१ मिलीत ४ युनिट येतात, आणि भुवयांमध्ये पाच जागी तेवढंच टोचतात. एवढा हिशेब पाठ असेल तर जास्त पाणी घातलेलं कुपीवरच्या त्या आकड्यावरून ओळखता येईल. @पेठेतली, पुन्हा कधी पापणी जड वाटली तर ‘आपोआप जाईल’वर थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. तात्पुरती पापणी उचलणारे डोळ्यांचे थेंब असतात.