मदत हवी आहे: बाबांची शुगर अ‍ॅप एक सांगतंय, सिस्टर दुसरंच

जागता_पहारा
लगेच उत्तर द्या प्लीज, आज रात्री परत तेच होणार. बाबा अ‍ॅडमिट आहेत, दंडावर सतत शुगर मोजणारा सेन्सर आहे, अ‍ॅप माझ्याकडे आणि मँचेस्टरला ताईच्या फोनवर पण. सलग तीन रात्री तीनच्या सुमारास शुगर फार खाली गेल्याचा अलार्म कोकलतो, काल ५८ होतं. सिस्टर म्हणते आम्ही अ‍ॅप बघत नाही, बोटाला टोचून १०९ लिहून मोकळी. आणि कहर म्हणजे आज राउंडला डॉक्टरांनी रात्रीचं इन्सुलिन वाढवलं! हॉस्पिटलला अ‍ॅपचे आकडे मानायला लावायचे कसे? काही नियम आहे का?

कट्टा_काकू
अरे कशासाठी अ‍ॅडमिट? वय काय? स्टिरॉइड चालू आहेत का? काहीच लिहिलं नाहीस.

आजीचा_बटवा
मेथीदाणे रात्री भिजत घालायचे आणि सकाळी पाण्यासकट घ्यायचे. आमच्या सासऱ्यांना फरक पडला, सेन्सर-बिन्सर काही लागलं नाही.

टेक_भाऊ
सेन्सरवर विश्वास ठेवा. दिवसातून चार वेळा टोचून काय कळणार, मधल्या वेळात काय झालं ते सेन्सरच सांगतो. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणांना परवानगी देणारी सरकारी संस्था) एप्रिल २०२० मध्ये हॉस्पिटलातल्या पेशंटना हे वापरायला मोकळीक दिली होती. आपल्याकडचा स्टाफ शिकायलाच तयार नाही.

रातपाळी_२६_वर्षं
टेक_भाऊ, ती मोकळीक कोविडमुळे होती, दर वेळी पीपीई चढवून आत जावं लागू नये म्हणून. ग्लुकोमीटर कोणी फेकून दिले नव्हते. सेन्सर रक्तातली साखर मोजतच नाही, कातडीखालच्या द्रवातली मोजतो, ती रक्ताच्या पाचदहा मिनिटं मागे असते. आणि डोस फाईलमधल्या आकड्यावर ठरतो, नातेवाइकांच्या मोबाइलवर नाही. जागता_पहारा, सेन्सर कुठल्या दंडावर आणि बाबा झोपतात कुठल्या कुशीवर?

जागता_पहारा
कुशीचा काय संबंध?? उजव्या खुब्याचं ऑपरेशन झालंय, वय ७१, स्टिरॉइड नाही. उजवीकडे वळताच येत नाही, त्यामुळे पायांत उशी घालून डावीकडेच. सेन्सर डाव्या दंडावर. मी विचारलं काय आणि तुम्ही विचारताय काय.

रातपाळी_२६_वर्षं
तोच संबंध. दंड अंगाखाली दबला की सेन्सरचा आकडा खोटाच खाली जातो. अलार्म झाला की त्यांना पाठीवर करा, थोड्या वेळात वर येतो का बघा. पण टोचून बघायचंच, खरी लो असूही शकते. घाम, थरथर, बडबड असं काही होतं का?

टेक_भाऊ
व्हिटॅमिन सीच्या गोळ्या चालू असतील तरी आकडा चुकतो हं.

रातपाळी_२६_वर्षं
चुकतो, पण तो वर जातो, खाली नाही. आणि सगळ्या सेन्सरचा नाही.

सोलापुरी_चादर
डिस्चार्जनंतर सिरिंज बघून घ्या. इन्सुलिनच्या ४० च्या बाटलीला (मिलीला ४० युनिट) लाल टोपणाची, १०० च्या बाटलीला केशरी. आमच्या आत्याची बाटली ४० ची, तिला कोणीतरी केशरी आणून दिली, २० च्या खुणेपर्यंत भरायची ती, म्हणजे जायचं ८ युनिटच. पंधरा दिवस शुगर तीनशेच्या खाली येईना आणि सगळे तिला म्हणत होते तू चोरून आंबे खातेस.

जागता_पहारा
घाम वगैरे काही नाही, गाढ झोपले होते. मीच उठवून ग्लुकोज पावडरचं पाणी पाजलं, तीन मोठे चमचे. ताई व्हिडिओ कॉलवर ओरडत होती, ३.२ झालंय, काहीतरी दे.

कट्टा_काकू
३.२?

टेक_भाऊ
तिकडचं माप वेगळं, १८ ने गुणा. तेच ५८.

कट्टा_काकू
बरं. पण पाणी तिन्ही रात्री दिलंस? सिस्टरला सांगितलंस? सकाळी उपाशीपोटी किती येते?

जागता_पहारा
हो तिन्ही. तिला कशाला सांगू, १०९ म्हणून ती काही करणारच नव्हती, ती गेल्यावर दिलं. सकाळी बोटाची २३१, २४०, आज २५२.

रातपाळी_२६_वर्षं
अहो मग इन्सुलिन वाढवणारच ना! त्यांना फाईलमध्ये रात्री १०९ आणि सकाळी २५२ एवढंच दिसतंय, मधलं तुमचं पाणी दिसत नाही. आज तो वाढीव डोस गेला आणि पाणी नाही पाजलं तर खरीच लो येईल. इथे टाइप करत बसू नका, इन्सुलिन द्यायच्या आत ड्युटी डॉक्टरांना गाठा.

आजीचा_बटवा
म्हणूनच म्हणते, घरगुती उपाय बरे.

कट्टा_काकू
बटवाताई, ग्लुकोजचं पाणी घरगुतीच होतं हो.

पेन्शनर_पाटील
अवांतर: सेन्सरचं बिल मेडिक्लेममध्ये बसतं का? विम्याचे क्लेम तपासणाऱ्या टीपीएवाल्याने माझे हातमोजेसुद्धा कापले होते.

जागता_पहारा
डॉक्टरांना सांगितलं. वॉर्डभर ऐकू जाईल एवढं बोलले मला, बाबासुद्धा हसत होते. डोस परत आधीएवढा केला, आणि साधारण १४० ते १८० मध्ये ठेवायची म्हणाले, एकदम नॉर्मलच्या मागे लागायचं नाही.
रात्री ३:०५ ला वाजलाच, ६१. सिस्टरने टोचलं तर १३८. दोघांनी मिळून बाबांना पाठीवर केलं, थोड्या वेळाने अ‍ॅपवर ८८, मग १२९. पुढचा सेन्सर उजव्या दंडावर लावणार.
आता ताईचा अलार्म बंद कसा करायचा सांगा, ६१ बघून तिने नऊ फोन केले.

टेक_भाऊ
ताईंचा फोन कुठला? आयफोन की अँड्रॉइड?