बाबांचा अंगठा सुजतो पण युरिक ॲसिड नॉर्मल, तरी गाऊट (युरिक ॲसिड साचून सांधा सुजतो तो आजार) असू शकतो का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, बाबांसाठी विचारतेय. वय ६२, देवगडला असतात, बीपीची गोळी बरीच वर्षं चालू आहे. परवा पहाटे उजव्या पायाचा अंगठा बुडाशी सुजला, लालभडक आणि गरम, चादर लागली तरी कळ येत होती, आणि बाबा म्हणजे दुखणं अंगावर काढणारा माणूस, त्यांच्या डोळ्यात पाणी आलं म्हणजे बघा. पावसाळ्यातही असंच झालेलं, तेव्हा लचक असेल म्हणाले आणि आठवड्याभरात आपोआप उतरलं.

आता डॉक्टरांनी रक्त तपासलं तर युरिक ॲसिड ६.१, म्हणून गाऊट नाही म्हणतात. क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) मात्र १.६, म्हणजे जास्त आहे. ताप नाही. इकडे आईने डाळ, पालक, टोमॅटो सगळं बंद केलंय, बाबा नुसता दूधभात जेवतायत, मला ते बघवत नाही. शेजारचे काका सांगतात युरिक ॲसिडची गोळी एकदा लागली की सुटत नाही, घेऊच नका. नक्की काय करावं? कुठल्या डॉक्टरांना दाखवू?

प्रतिसाद:
ताई, मी डॉक्टर नाही, पण हे दुखणं मलाही आहे. ॲटॅक चालू असताना युरिक ॲसिड नॉर्मल येऊ शकतं, त्या एका रिपोर्टवर गाऊट नाही असं ठरत नाही, सूज उतरल्यावर दोनेक आठवड्यांनी परत करा. पक्कं निदान सांध्यातलं पाणी सुईने काढून होतं, मायक्रोस्कोपखाली सुईसारखे युरेटचे (युरिक ॲसिडचे) स्फटिक दिसतात. ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे सांध्यांच्या आजारांचे डॉक्टर, गाठा. मध्येच ताप किंवा थंडी वाजून आली तर सांध्यात इन्फेक्शन असू शकतं, मग त्याच दिवशी दवाखाना.

आणि क्रिएटिनिन १.६ असताना डायक्लोफिनॅकसारख्या पेनकिलर मेडिकलमधून आणून देऊ नका प्लीज, किडनीवर ताण येतो. कोल्चिसिन या गाऊटच्या ॲटॅकवरच्या गोळीचा डोससुद्धा किडनी बघूनच ठरवतात.

युरिक ॲसिडच्या गोळीचं म्हणाल तर ॲलोप्युरिनॉल कमी डोसने, १०० मिलिग्रॅम किंवा त्याहूनही कमीने सुरू करून युरिक ॲसिड ६ च्या खाली येईपर्यंत हळूहळू वाढवतात. पहिले काही महिने उलट ॲटॅक येऊ शकतात कारण साचलेलं विरघळायला लागतं, बरेच जण नेमके तिथेच सोडून देतात. अंगावर पुरळ आलं तर मात्र ताबडतोब बंद करून डॉक्टरांकडे. बीपीच्या गोळीसारखी ही बहुतेक कायमचीच असते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

डाळ, पालक आजच सुरू करा हो, त्याने गाऊट वाढत नाही. कलेजी, तारली, सुकट, बिअर आणि गोड कोल्ड्रिंक यांना आवर घाला. बीपीच्या गोळीत काय काय आहे ते पट्टीवर वाचून सांगाल का?

धागाकर्ती:
खूप आभार दादा. पट्टीवर टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन लिहिलंय. सूज अजून आहे, उतरल्यावर कोल्हापूरला नेऊ की आत्ताच?

प्रतिसाद:
आत्ताच न्या, सूज असताना पाणी काढणं सोपं जातं. क्लोरथॅलिडोनने युरिक ॲसिड वाढतं, ती पट्टी सोबत घ्या आणि बदलून मिळेल का विचारा, पण मनाने बंद करू नका.