मदत हवी आहे: कूलंट सतत कमी होतंय, हेड गॅस्केटच (इंजिनचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा भाग यांच्यामधलं सील) गेलंय का?

चाकोरीबाहेर:
जरा घाईत आहे. दर दोन दिवसांनी अर्धा लिटर कूलंट टाकतोय, जमिनीवर मात्र थेंबही नाही. काल चढावर तापमानाचा काटा लालपर्यंत गेला. मेकॅनिक म्हणतो हेड उतरवावं लागेल. खरंच लागेल का? गाडी २,४०,००० किमी चालली आहे.

नटबोल्ट:
पेट्रोल की डिझेल? धूर कसला? ऑइलची पट्टी बघितली? काटा लाल झाल्यावर थांबलात की तशीच दामटली?

जुनं_खोड:
विकून मोकळे व्हा.

चाकोरीबाहेर:
विकायची नाही, तो प्रश्नच नाही. पेट्रोल. सकाळी पांढरा धूर, वास गोडसर. ऑइलच्या झाकणाला आतून दुधाळ साय. थांबलो होतो, पण घर चारच किमीवर होतं म्हणून...

नटबोल्ट:
म्हणजे नाही थांबलात. ॲल्युमिनियमचं हेड असेल तर तेवढ्यातही वाकू शकतं.

मनमौजी:
लीक बंद करणारं लिक्विड रेडिएटरमध्ये ओता. माझी दीड वर्ष चालली.

तेलकट_हात:
आणि हीटरच्या बारीक नळ्या तुंबल्या की? दीड वर्षानंतर काय झालं तेही सांगा.

मनमौजी:
विकली.

तेलकट_हात:
झालं! चाकोरीबाहेर, साय नुसती झाकणाला असेल तर घाबरू नका, छोट्या फेऱ्यांमुळे बाष्पानेही जमते. पट्टीवरचं ऑइलच दुधाळ असेल तर मात्र स्टार्टरला हात लावू नका, बेअरिंग जातील. तसं नसेल तर इंजिन पूर्ण थंड असताना (गरम असताना अजिबात नाही, भाजाल) रेडिएटरचं झाकण उघडून सुरू करा. बुडबुडे थांबतच नाहीत का बघा. मग स्पार्क प्लग काढा. एकच प्लग धुतल्यासारखा दिसला तर त्याच सिलिंडरमध्ये पाणी जातंय. मेकॅनिककडे निळ्या द्रावणाची टेस्ट (कूलंटमध्ये इंजिनचा जळका वायू येतोय का ते दाखवणारी) असेल तर तीही करा, पिवळं पडलं की शंका मिटली.

चाकोरीबाहेर:
पट्टी ठीक. बुडबुडे आहेत, तिसरा प्लग चकचकीत. एक सांगायचं राहिलं, रेडिएटरचा फॅन महिनाभर कधी फिरतो, कधी नाही.

नटबोल्ट:
हे पहिल्या ओळीत लिहायचं! आधी फॅन, नाहीतर नवं गॅस्केटही जाईल. हेड उतरेल तेव्हा सपाटी मोजून घ्या, वाकलं असेल तर फेसिंग (मशीनवर घासून सपाट करणं). बोल्ट नवेच.

चाकोरीबाहेर:
बोल्ट कशाला? जुने चांगले दिसतात.

तेलकट_हात:
बऱ्याच इंजिनांत ते आवळताना ताणले जातात, दुसऱ्यांदा तेवढी पकड देत नाहीत. मॅन्युअल बघा. आणि टॉर्क रेंचनेच (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना) आवळायला सांगा, अंदाजाने नको.