कुत्र्याला लसूण: ‘थोडासा चालतो’ हे मला पटत नाही

पाऊलखुणा:
कुत्रा पाळणाऱ्यांमध्ये एक समज फार घट्ट रुजलेला आहे. रोजच्या खाण्यात ठेचलेला लसूण घातला की पिसवा आणि गोचीड लागत नाहीत, पोटातले जंत पडतात, प्रतिकारशक्ती वाढते. कांदा घालू नये हे आता बऱ्याच जणांना माहीत झालंय, पण लसूण ‘औषधी’ म्हणून त्यातून सुटतो.

माझं मत असं की लसूण मुद्दाम देऊच नये, एक पाकळीसुद्धा नको. लसूण हा कांद्याच्याच कुळातला. दोघांत गंधकाची संयुगं असतात. चावताना, ठेचताना आणि नंतर पचनात त्यांतून जी द्रव्यं तयार होतात ती रक्तात उतरून लाल पेशींवर हल्ला करतात. या माऱ्याला ऑक्सिडीकरण म्हणतात. पेशीतलं हिमोग्लोबिन बिघडतं, त्याच्या गुठळ्या पेशीच्या आतल्या बाजूला चिकटतात. या गुठळ्यांना हाइन्झ बॉडी म्हणतात. अशी पेशी ताठ होते, प्लीहा तिला गाळून बाहेर काढते किंवा ती वाहता वाहता फुटते. पेशी नव्या तयार होण्याच्या वेगापेक्षा मोडण्याचा वेग वाढला की कुत्रा पांडुरोगाकडे, म्हणजे रक्तक्षयाकडे, जायला लागतो.

माणूस लसूण खातो, मग कुत्र्याला का नको, असं विचारलं जातं. कुत्र्याच्या लाल पेशींत कॅटलेज नावाचं संरक्षक एन्झाइम कमी काम करतं, त्यामुळे माणसाला जो मारा जाणवतही नाही तो त्याच्या पेशींना झेपत नाही. मांजराचे हाल तर याहून वाईट. तिच्या हिमोग्लोबिनमध्ये असा मारा लागू पडेल अशा 8 जागा असतात, कुत्र्याच्या 4. घरात दोन्ही प्राणी असतील तर वाडगे वेगळे ठेवा.

साधाविचार:
असहमत. रसायनशास्त्र तुम्ही बरोबर मांडलंत, पण मात्रेबद्दल एक शब्द नाही, आणि इथे सगळा प्रश्न मात्रेचाच आहे.

लसणाविरुद्ध ज्या प्रयोगाचा हवाला सगळीकडे दिला जातो तो जपानमधला, 2000 साली प्रसिद्ध झालेला. त्यात कुत्र्यांना लसणाचा अर्क नळीने थेट पोटात दिला होता, रोज एकदा, सलग 7 दिवस. मात्रा होती वजनाच्या दर किलोला 5 ग्रॅम अख्ख्या लसणाइतकी. 10 किलोच्या कुत्र्याला हे दिवसाला 50 ग्रॅम होतं. एक पाकळी 3 ते 5 ग्रॅमची धरली तर रोज 10 ते 17 पाकळ्या! इतका लसूण कुठला मालक घालतो? आणि एवढं देऊनही एकाही कुत्र्याला लक्षणं दिसण्याइतका पांडुरोग झाला नाही.

मग कधीमधी पाव पाकळी पोटात गेली म्हणून लोकांना रात्री झोप लागू नये, इतकी भीती का पसरवायची? कुत्र्याने लसणाचा एक तुकडा चाटला म्हणून रडकुंडीला आलेली माणसं मी बघितली आहेत. घाबरलेला मालक घरीच मीठ पाजून उलटी करवायला जातो आणि लसणापेक्षा मोठं संकट ओढवून घेतो.

लालपेशी:
प्राण्यांच्या रक्ताचे नमुने तपासणं हे माझं रोजचं काम आहे, म्हणून या प्रयोगाबद्दल थोडं सविस्तर लिहितो. साधाविचार यांनी आकडे बरोबर दिलेत. पण त्याच प्रयोगातला दुसरा अर्धा भाग राहून गेला.

लसूण मिळालेले कुत्रे होते फक्त 4. सगळे निरोगी, प्रयोगशाळेत सांभाळलेले. त्यांच्या लाल पेशी, हिमोग्लोबिन आणि पेशींचं रक्तातलं प्रमाण हे तिन्ही खाली आले, आणि सगळ्यात खालचा आकडा आला तो नवव्या ते अकराव्या दिवसाच्या दरम्यान. लसूण सातव्या दिवशी बंद झाला होता, हे लक्षात घ्या. देणं थांबल्यावरही घसरण चालू राहिली. काचपट्टीवर हाइन्झ बॉडी दिसल्या, शिवाय एका कडेला हिमोग्लोबिन सरकून दुसरी कड फिकी, रिकामी पडलेल्या पेशीही दिसल्या. त्यांना एक्सेन्ट्रोसाइट म्हणतात. पेशीला ऑक्सिडीकरणाचा मार बसल्याची ती स्पष्ट खूण आहे. हे सगळं बघून संशोधकांनी निष्कर्ष काढला तो असा, की लसूण असलेलं अन्न कुत्र्यांना देणं टाळावं.

म्हणजे ज्या प्रयोगावर ‘थोडा चालतो’ हे मत उभं केलं जातं, तो करणारेच देऊ नका म्हणतात. आणि प्रयोग मोठ्या मात्रेचा होता म्हणून लहान मात्रा सुरक्षित ठरत नाही. लहान मात्रा महिनोन्‌महिने देऊन त्या प्रयोगात पाहिलेलंच नाही.

भटकंती:
आमच्या घरात कुत्र्यांना वर्षानुवर्षं जेवणातून थोडा लसूण जातोय. सगळे म्हातारे होऊन गेले. कुणाची लघवी लाल झाली नाही की कुणी आडवं पडलं नाही. डोळ्यांनी पाहिलेलं खोटं मानायचं का?

लालपेशी:
@भटकंती, तुम्ही पाहिलंत त्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण या प्रकारातलं सौम्य नुकसान डोळ्यांना दिसतच नाही. कुत्र्याची लाल पेशी साधारण 110 दिवस जगते, आणि अस्थिमज्जा सतत नव्या पेशी घडवत असते. रोज थोड्या जास्त पेशी मोडल्या तर मज्जा जोर लावून भरपाई करते. कुत्रा खेळतो, खातो, शेपूट हलवतो. रक्त काढून काचपट्टी पाहिली तरच कळतं की आत काय चाललंय. वय झालं, किडनीचा आजार आला, शस्त्रक्रियेत रक्त गेलं, की भरपाईची ती ताकद अपुरी पडते.

त्यात जातीचाही फरक आहे. अकिता, शिबा अशा मूळ जपानी जातींतल्या काही कुत्र्यांच्या लाल पेशींत जन्मतःच पोटॅशियम आणि ग्लुटाथायोन नावाचं द्रव्य जास्त असतं, आणि अशा कुत्र्यांना कांद्याने होणारं नुकसान इतरांपेक्षा बरंच जास्त होतं. आपला कुत्रा कुठल्या गटातला हे मिश्र जातीच्या पिल्लाकडे पाहून कोण सांगणार?

साधाविचार:
लालपेशी, मुद्दा समजला. तरी एक राहतं. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात कुत्र्यांना लसणाचा अर्क वजनाच्या दर किलोला 90 मिलिग्रॅम, रोज, सलग 12 आठवडे दिला. पांडुरोग नाही, बिघडलेल्या पेशी नाहीत, उलट शरीराची ऑक्सिडीकरणाविरुद्धची संरक्षक यंत्रणा वाढल्याची चिन्हं मिळाली. हाही पुरावाच आहे ना? लसूण म्हणजे विष असं सरसकट म्हणणं या अभ्यासाशी जुळत नाही.

पाऊलखुणा:
तो अभ्यास मलाही महत्त्वाचा वाटतो, पण तो मुरवलेल्या लसणाच्या अर्काचा आहे. लसूण पाणी आणि अल्कोहोलच्या मिश्रणात अनेक महिने ठेवतात. त्या काळात ठेचल्याबरोबर तयार होणारं ॲलिसिन हे तिखट संयुग जवळजवळ संपतं आणि त्याजागी पाण्यात विरघळणारी, सौम्य संयुगं तयार होतात. ओट्यावर ठेचलेली पाकळी हे वेगळंच द्रव्य आहे. त्या अर्काचा निकाल कच्च्या लसणाला लावता येणार नाही. ज्याला अर्कच द्यायचा आहे त्याने पशुवैद्याशी बोलून, मोजून द्यावा, माझी हरकत नाही. माझी हरकत आहे ती अंदाजाने चिमूटभर टाकण्याला.

उनाडपावलं:
शिजवल्यावर तर जोर जातो ना? आणि पावडर? ती तर किती हलकी असते.

लालपेशी:
शिजवल्याने भरवसा ठेवावा इतका जोर जात नाही. कांद्याच्या बाबतीत तर कच्चा, शिजवलेला, तळलेला, वाळवलेला असे सगळे प्रकार कुत्र्यांना बाधल्याचं नोंदलेलं आहे. पावडर हलकी वाटते तिथेच लोक फसतात. पाणी उडून गेलेलं असतं, त्यामुळे एक चमचा पावडरीत पुष्कळ पाकळ्यांचा ऐवज असतो. रस्सा, सूप, सॉस, लहान मुलांचं तयार अन्न यांत कांदा आणि लसूण पावडर बरेचदा एकत्र असते, आणि दोघांचा मारा एकाच जागी पडतो. एकट्या कांद्यापुरतं बोलायचं तर शरीराच्या वजनाच्या 0.5 टक्क्याहून जास्त कांदा एका वेळी पोटात गेला की विषबाधा हमखास आढळते. 10 किलोच्या कुत्र्याला हे फक्त 50 ग्रॅम, म्हणजे एक लहानसा कांदा.

रानवाट:
मी साधाविचार यांच्या बाजूने आलो होतो. कुत्र्यांसाठीच विकल्या जाणाऱ्या बिस्किटांच्या पाकिटावर मी स्वतः लसूण पावडर लिहिलेली वाचली आहे. बनवणारे ती घालतात, मग आपण एवढा बाऊ का करावा?

पाऊलखुणा:
घालतात, कारण वासाने कुत्रा खातो. बहुतेक ठिकाणी ती अगदी कमी प्रमाणात असते आणि त्या एका बिस्किटाने काही होईल असं मी म्हणणार नाही. पण पाकिटावर प्रमाण क्वचितच छापलेलं असतं, आणि बिस्किटावर घरचा लसूण, वर उरलेला रस्सा अशी बेरीज कुणी करत नाही. मी तरी लसूण नसलेलं पाकीट निवडते.

गोचीडवैरी:
मला सगळ्यात जास्त राग येतो तो गोचिडांच्या उपायाचा. लसणाने गोचीड पळतात हे कुत्र्यांवर नीट तपासून सिद्ध झालेलं नाही. पण या भरवशावर लोक गोचिडांचं औषध बंद करतात! गोचिडांमधून बॅबेसिया हा परजीवी येतो, जो लाल पेशींतच घर करून त्या फोडतो. एर्लिकिया हा जिवाणू येतो. म्हणजे ज्या कुत्र्याच्या लाल पेशी परजीवी आधीच फोडतोय, त्याच कुत्र्याला आपण लाल पेशींवर मारा करणारी गोष्ट रोज खाऊ घालायची आणि खरं औषध काढून घ्यायचं. शिवाय गोचिडांमुळे येणारा हा आजार आणि लसणाची बाधा या दोन्हींत हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी गडद होते. मालकाने लसणाचं सांगितलं नाही तर डॉक्टरांना कारण शोधायला वेळ लागतो, आणि तो वेळ कुत्र्याकडे नसतो.

जंतांचंही तेच. विष्ठेची तपासणी करून डॉक्टर जे औषध देतात ते कुठल्या जंतावर चालतं ते माहीत असतं. लसणाचं काय?

साधाविचार:
गोचीडवैरी, इथे मी तुमच्यासोबत आहे. औषध बंद करून लसूण देणं चूकच, त्याचं समर्थन मी कधीच करणार नाही. माझा आग्रह एवढाच की चुकून खाल्लेली एखादी पाकळी आणि रोजचा उपचार या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. मोठ्या, धडधाकट कुत्र्याने एक पाकळी गिळली तर लक्ष ठेवणं पुरेसं असतं, असं माझं मत अजूनही आहे.

पाऊलखुणा:
चुकून गेलेल्या एका पाकळीने मोठ्या कुत्र्याला बहुधा काही होणार नाही, हे मलाही मान्य आहे. म्हणूनच मी पहिल्यापासून ‘मुद्दाम’ हा शब्द वापरतेय. चुकून घडतं त्याला इलाज नाही. पण ज्याचा फायदा सिद्ध नाही आणि ज्याची सुरक्षित मर्यादा माझ्या कुत्र्यासाठी कुणी सांगू शकत नाही, ते मी रोज त्याच्या ताटलीत का टाकू? त्याला ते नाकारता येत नाही. आपण जे वाढू ते तो विश्वासाने खातो.

उनाडपावलं:
समजा छोट्या कुत्र्याने अख्खा गड्डा पळवून खाल्ला. मग नेमकं काय करायचं? दोन दिवस ठीक दिसला म्हणजे सुटलो का?

लालपेशी:
नाही. दोन दिवस ठीक दिसणं हीच यातली धोक्याची जागा. उलटी, जुलाब, लाळ, पोटदुखी हे पहिल्या दिवशीच दिसू शकतं, पण पांडुरोगाची चिन्हं बरेचदा 3 ते 5 दिवसांनी येतात, कधी त्याहून उशिरा. म्हणून खाल्ल्याचं कळताच लगेच पशुवैद्याला फोन करा. पहिल्या एक-दोन तासांत डॉक्टर औषधाने उलटी करवू शकतात, गरज वाटली तर पोटातलं विष शोषून घेणारा सक्रिय कोळसा देतात. या विषाला उतारा नाही, नंतर हातात उरतं ते सलाइन, ऑक्सिजन आणि फारच घसरण झाली तर दुसऱ्या कुत्र्याचं रक्त. घरी मीठ पाजू नका, साधाविचार यांनी वर लिहिलंय ते अगदी खरं आहे. मिठाने रक्तातलं सोडियम चढून मेंदूवर परिणाम होतो.

जाताना कुत्र्याचं वजन, काय खाल्लं, किती आणि कधी, हे लिहून न्या. पाकिटातलं असेल तर पाकीटच न्या. पुढचा आठवडाभर रोज ओठ उचलून हिरडी पहा. निरोगी हिरडी गुलाबी असते (काही कुत्र्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात, त्यांची खालची पापणी ओढून आतला रंग बघा). बोटाने दाबून सोडल्यावर दोन सेकंदांच्या आत रंग परत यायला हवा. फिकट, पिवळसर किंवा तपकिरी झाक, लालसर-तपकिरी लघवी, जिना चढताना धाप, नेहमीच्या खेळाला उठायचा कंटाळा, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता निघा. आणि सगळं ठीक दिसत असलं तरी पाचव्या-सहाव्या दिवशी रक्त तपासून घ्या. काचपट्टीही बघायला सांगा, कारण नुसत्या आकड्यांत हाइन्झ बॉडी सापडत नाहीत.